डोकी पाहिली, पाय राहिले

पाचही कोंबड्याच आहेत, असं मी अख्ख्या बिल्डिंगसमोर सांगितलं. तेवढं सांगून खाली बसले असते तरी भागलं असतं. पण मी उभीच राहिले आणि पुढे म्हणाले, "यातलं एक जरी आरवलं, तर आम्ही स्वतःच्या हातांनी खुराडं मोडू. जुन्या तीन कोंबड्यांसकट सगळं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. ती तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. भर पुलावर घंटी मारून 'मला इथंच उतरायचंय' म्हणणाऱ्या प्रवाशाकडे ती जशी बघत असेल, तसं बघितलं. पण घरच्या माणसाला चारचौघांत खाली बसवायचं नाही, एवढं ती कटाक्षाने पाळते.

सभा जिन्याखाली भरली होती, सायकली एका बाजूला सारून. सोळा घरांतली नऊ माणसं आली होती, आणि त्यातली चार जण सभा लवकर आटपावी एवढ्याचसाठी आली होती. विषय आमचाच. तक्रार पहिल्या मजल्यावरच्या सिस्टरची. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातल्या नर्स, कायम रात्रपाळीला. सकाळी नऊला येतात, पडदे ओढतात आणि झोपतात. त्यांच्या खिडकीच्या बरोब्बर खाली, मागच्या अंगणात, आमचं खुराडं आहे.

गेल्या वर्षी आत्याने बाजारातून तलंग म्हणून एक पिल्लू आणलं होतं. तलंग म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेली तरुण कोंबडी. ही तलंग तीन महिन्यांनी एका सकाळी खुराड्याच्या छपरावर चढली, छाती फुगवली आणि जी आरवायला लागली ती साडेअकरापर्यंत थांबली नाही. त्या कोंबड्याला दुसरं घर मिळेपर्यंत आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत सिस्टरनी झोपेशिवाय ड्यूटी केली आणि एका रात्री एका पेशंटच्या गोळ्या दुसऱ्याच्या ट्रेमध्ये ठेवल्या. वेळेवर लक्षात आलं, कुणाला काही झालं नाही. सभेत हे सांगताना त्यांनी आवाज जरासुद्धा चढवला नाही, म्हणूनच ते सगळ्यांना लागलं. कोंबड्यांशी माझं काही वाकडं नाही, त्या म्हणाल्या. फक्त पुन्हा कोंबडा नको. आणि या पाच पिल्लांत एकही कोंबडा नाही, हे कशावरून?

तर तेव्हा मी उभी राहिले होते.

आता सांगते, मला एवढी खात्री कुठून आली होती. बाजारपेठेच्या टोकाला घड्याळवाले काका आहेत. दुकानात घड्याळं दुरुस्त करतात आणि दुकानामागच्या आवारात कोंबड्या पाळतात. एक लाल कोंबडा, पाच पट्टेरी कोंबड्या आणि दोन काळ्या. पट्टेरी म्हणजे अंगभर काळ्यापांढऱ्या बारीक रेघा, वहीच्या पानासारख्या. मला त्यांनीच शिकवलं. आई पट्टेरी असेल आणि बापाच्या अंगावर पट्टे नसतील, तर आईचे पट्टे फक्त मुलांकडे जातात, मुलींकडे जात नाहीत. आणि पट्टे दिसायला पिसं यायची वाट बघावी लागत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं, वाळलं, की त्याच्या डोक्यावर बघायचं. काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका असेल तर तो मुलगा. ठिपका नसेल तर मुलगी. संपलं.

मला हे ऐकून इतका आनंद झाला की मी दुकानातून घरापर्यंत पळत आले. निसर्गाने कधी नव्हे ते उत्तर प्रश्नाच्या डोक्यावरच लिहून ठेवलं होतं. आमची एक जुनी कोंबडी तेव्हा खुडूक होऊन रिकाम्या खोक्यात बसली होती, म्हणजे अंडी नसतानाही उबवायच्या हट्टाला पेटली होती. तिच्याखाली काकांकडची बारा अंडी ठेवली. एकवीस दिवसांनी अकरा पिल्लं निघाली. मी अभ्यासाचा दिवा अंगणात ओढून नेला आणि एकेक पिल्लू त्याच्याखाली धरलं. सहा ठिपकेवाली, पाच बिनठिपक्याची. सहा जण थोडी मोठी झाल्यावर काकांच्या आवारात गेली, पाच आमच्याकडे राहिली.

या पिल्लांवरच मी शाळेत विज्ञानाच्या तासाला बोलले. त्याआधी मी वर्गात तोंड उघडत नसे. उत्तर यायचं, पण घशात कुठंतरी अडकायचं आणि तोवर बाई पुढच्या बाकावर गेलेल्या असायच्या. त्या दिवशी मात्र वीस मिनिटं बोलले, आणि तास संपला तरी कुणी दप्तर भरलं नाही. तेव्हापासून माझं तोंड जे सुटलं ते सुटलं. आई म्हणते, बोलत नव्हतीस तेव्हा निदान कुकरच्या शिट्ट्या तरी मोजता यायच्या.

सांगायचं काय, तर सभेत मी उभी राहिले ती या तोऱ्यात.

सभेनंतर जिना चढताना आत्या गुडघ्यावर हात ठेवून थांबली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, खुराडं तुझं आहे का माझं?"

मी म्हटलं, तुझंच.

"मग पैजेवर लावायच्या आधी विचारायचं होतंस."

एवढंच. पुढे रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, कारण खुराडं म्हणजे आत्याला काय आहे ते मला माहीत होतं. गुडघ्यांमुळे तिला वेळेआधी नोकरी सोडावी लागली. त्यानंतर सहा महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. दिवसभरात हजार माणसांना दामटणारी बाई, आणि घरात बोलायला आम्ही तिघं, तेही दिवसा बाहेर. मग बाबांनी कुठून तरी तीन कोंबड्या आणल्या. त्यांना दाणे घालायला आत्याला उठावं लागायचं, घाण काढायला वाकावं लागायचं, आणि त्यांच्यावर ओरडायला तर तिला सांगायची कुणाला गरजच पडली नाही. आजही ती खुराड्याच्या दारात उभी राहून त्यांना सांगते, आत सरका, मध्ये जागा आहे, दारात गर्दी करू नका. पाच पिल्लांची नावंही तिनेच ठेवली. त्यातल्या दोघांचीच आता गरज आहे. सगळ्यात मोठं आणि कर्कश ते घंटी. आणि सगळ्यांत उशिरा, म्हणजे एक दिवस मागाहून निघालेलं, कायम कोपऱ्यात अंग चोरून बसणारं ते हाफ तिकीट.

दहावा आठवडा लागला आणि घंटीचा तुरा लाल व्हायला लागला.

तुरा म्हणजे डोक्यावरची ती दातेरी मांसल पट्टी. कोंबड्यांचा तुरा या वयात फिक्कट असतो, कोंबड्यांचा म्हणजे मादीचा. लाल होतो तो नराचा. घंटीचा आधी गुलाबी झाला, मग टोमॅटोसारखा. मग ती खुराड्याच्या छपरावर चढायला लागली. मान ताणून सिस्टरच्या खिडकीकडे बघायची. जुन्या तिघींशी छातीला छाती लावायची. आई कपडे वाळत घालता घालता म्हणाली की हिचं लक्षण काही मला बरं दिसत नाही, आणि मी म्हटलं, ठिपका नव्हता ना, मग झालं. 

मी शाळेत जायच्या आधी खुराड्यापाशी जाऊन उभी राहायला लागले. घंटीने चोच उघडली की मी वर सिस्टरच्या खिडकीकडे बघायचे. तिने जांभई दिली तरी. कोंबड्या जांभई देतात, आणि देताना आरवायच्या तयारीतल्या कोंबड्यासारख्याच दिसतात, ही माहिती मला त्या आठवड्यात नको होती.

 गुरुवारी मी घरी आले तेव्हा आत्या फोनवर तिच्या जुन्या ड्रायव्हरशी बोलत होती. तिकडे मागे जागा आहे का, कुंपण आहे का, कुत्रं तर नाही ना, असं विचारत होती. आणि जुन्या तिघी एकत्रच राहू देत, त्यांना एकमेकींची सवय आहे, असं म्हणाली. मला बघून फोन ठेवला आणि विचारलं, जेवलीस का.

त्या रात्री झोप किती लागली ते जाऊ दे. शनिवारी शाळा सुटल्या सुटल्या मी दप्तरासकट काकांच्या दुकानात गेले.

काका कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते, डोळ्याला ते छोटं काळं भिंग लावून. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी भिंग काढलं नाही, त्यामुळे एका डोळ्याने घड्याळ आणि दुसऱ्याने मी असं त्यांचं चाललं होतं. माझं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्या पिल्लाची आई कोण?"

मी म्हटलं, पट्टेरी. तुमच्याकडचीच ना अंडी.

"मी नाही दिली. मी त्या दिवशी माल आणायला गेलो होतो. काकूने दिली."

काकू आत भांडी लावत होत्या. त्यांना हाक मारून विचारलं. त्या हात पुसत बाहेर आल्या आणि अगदी आनंदाने म्हणाल्या, हो तर, मीच बांधून दिली. त्या दिवशी पट्टेऱ्यांची दहाच होती. आता पोरगी एवढी आशेने पिशवी घेऊन आलेली, तिला दहा अंडी काय द्यायची, बरं दिसत नाही. मग काळ्यांची दोन घातली आणि डझन पुरं केलं.

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. काका काही बोलायच्या आधीच माझ्या डोक्यात सगळं खडाखडा उलगडत गेलं, आणि उलगडत गेलं ते वाईटच. ठिपक्याचा नियम पट्टेरी आईपुरता. काळ्या आईला पट्टेच नाहीत, ती मुलाला देणार कुठून? तिच्या पिल्लांच्या डोक्यावर ठिपका नसणार, मुलगा असो की मुलगी. म्हणजे काळीचं पिल्लू निघालं असेल तर ते माझ्या पाच बिनठिपक्यांतच असणार. आणि त्याच्याबद्दल मला काही म्हणजे काहीच माहीत नाही. बारातलं एक अंडं उबलंच नव्हतं. ते कुणाचं होतं कोण जाणे. पण काळ्यांची दोन होती, म्हणजे निदान एक तरी पिल्लू आमच्याकडे होतंच.

काकू बिचाऱ्या दोनदोनदा विचारत होत्या, काही चुकलं का गं. मी म्हटलं नाही काकू, आणि ते खरंच होतं. चांगुलपणाने दिलेल्या दोन अंड्यांना चूक कसं म्हणायचं.

काका म्हणाले, "आधी मशीन कुणाचं ते बघायचं, मग काटे वाचायचे. चल, मागे ये."

मागच्या आवारात काळ्या दोघी भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. मी त्यांना शंभर वेळा पाहिलं होतं आणि एकदाही नीट पाहिलं नव्हतं. काकांनी एकीला उचललं आणि माझ्यासमोर धरलं. तिच्या पायांवर पिसं होती. नळीच्या बाहेरच्या बाजूने खाली, थेट शेवटच्या बोटापर्यंत, पायमोजे घातल्यासारखी. आणि तिचा तुरा दातेरी नव्हता. चपटा, बुटका, तीन बारीक ओळींचा, शिवणीवर शिवण मारावी तसा. काका म्हणाले, ही दोन्ही लक्षणं दांडगी आहेत. आई किंवा बाप एकाकडे जरी असली तरी पिल्लात थोडी तरी उतरतातच. लाल कोंबड्याचे पाय साफ, पट्टेऱ्यांचेही साफ. तेव्हा ज्याच्या पायावर पिसं, त्याची आई काळी.

पाय. मी पिल्लांचे पाय बघितलेच नव्हते. दिव्याखाली एकेक धरून मी डोकी वाचत बसले होते आणि पाय माझ्या मुठीत होते.

काकांनी दुकानाला कुलूप लावलं. काकू म्हणाल्या, शनिवारी संध्याकाळी यांनी दुकान बंद केलेलं लग्नानंतर हे पहिल्यांदा बघतेय. मी स्कूटरवर मागे बसले आणि सबंध रस्ताभर घंटीचे पाय आठवायचा प्रयत्न करत राहिले. आठवेनात. तिचा तुरा तेवढा डोळ्यांसमोर येत होता.

आत्या अंगणात खुर्ची टाकून बसली होती. तिला सगळं सांगितलं. काळ्यांचं, डझनाचं, पायांचं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग बसलीयस काय, पकड.

घंटीला पकडणं म्हणजे अंगणाच्या दोन फेऱ्या. शेवटी आत्यानेच तिला खुर्चीतल्या खुर्चीत झडप घालून धरलं, फुकट्या प्रवाशाला धरावं तसं. मी खाली बसले आणि तिचे पाय हातात घेतले. पाय मातीने माखले होते. मी ओल्या फडक्याने पुसले. आधी डावा, मग उजवा. खवलं होती, नखं होती. पिसाचा एक धागा नव्हता. बोटांच्या मध्ये बघितलं, नळीच्या मागे बघितलं. काकांनी भिंग लावून बघितलं.

"साफ," काका म्हणाले.

मी मोठ्याने विचार करत गेले, कारण मनातल्या मनात करायची माझी हिंमत नव्हती. पाय साफ, म्हणजे आई पट्टेरी. आई पट्टेरी आणि डोक्यावर ठिपका नव्हता, म्हणजे मुलगी. तुरा मोठा आहे तो बापावर गेलाय आणि ही इतरांपेक्षा लवकर मोठी झालीय. ही कोंबडी आहे. भांडकुदळ आहे, पण कोंबडी आहे.

आत्याने तिला एकदम सोडलं नाही. थोडा वेळ तशीच मांडीवर धरून बसली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अगं भवाने, मग जरा बाईसारखी वाग की."

मला हसूच आवरेना. दहा दिवसांचं साठलेलं हसू ते. काकाही हसायला लागले, भिंग डोळ्यावरून पडलं, आणि ते शोधण्यात पाच मिनिटं गेली.

पण पिल्लं पाच होती. पुढच्या तिघींना एकेक करून पुसलं. साफ. साफ. साफ. मग हाफ तिकीट. ते कोपऱ्यात बसलं होतं. पकडायला गेले तर पळालंसुद्धा नाही, आणखी अंग चोरलं तेवढं. मी त्याचा पाय फडक्यात घेतला आणि पुसायला लागले तर माती निघून यायच्याऐवजी फडक्याला काहीतरी अडकायला लागलं. नळीच्या बाहेरच्या कडेला विरळ, काळी, चिखलाने चिकटून बसलेली पिसं. थेट शेवटच्या बोटापर्यंत.



मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. तुरा चपटा, बुटका. इतके दिवस आम्ही हाफ तिकिटाचा तुरा बघून निर्धास्त होतो. अहो, पण त्याच्या आईचाच तुरा तेवढा. घंटीच्या तुऱ्याशी त्याचा तुरा ताडून बघण्यात अर्थच नव्हता. आणि आता नीट बघितलं तर त्या चपट्या तुऱ्याची मधली ओळ लालभडक होती. पाय तर घंटीपेक्षा जाड.

काकांनी शेपटीच्या बुडाजवळची पिसं बोटाने फुंकरीसारखी हलके विस्कटली, भिंगातून पाहिलं, आणि मग भिंग काढून माझ्या हातात दिलं. "तू सांग."

मी भिंग डोळ्याला लावलं. ते गरम होतं. कोंबडीची तिथली पिसं टोकाला गोल असतात, चमच्यासारखी. ही अरुंद होती, टोकदार, आणि त्यांच्यावर तेलाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. मानेवर, वरच्या काळ्या पिसांच्या खाली, बापाचा लाल रंग.

"कोंबडा," मी म्हटलं.

आत्या म्हणाली, "म्हणजे तीन महिने हा लेडीज सीटवर बसून आला."

काका म्हणाले, हा आज ना उद्या आरवणार. पण अजून आरवलेला नाही. खोकं द्या, मी आत्ता घेऊन जातो, तिकडे त्याचे सहा भाऊ आहेतच. आत्याचंही तेच म्हणणं पडलं. शब्द होता आरवलं तर, आणि आरवलेलं नाही, तेव्हा शब्द मोडलेला नाही. आत्या नियमाला पक्की आहे, पण नियमाच्या आत जेवढी जागा असेल तेवढी वापरते. खोकं आलं. हाफ तिकीट त्यात बसलं. वर सिस्टरचे पडदे अजून ओढलेले होते.

मी खोक्याला भोकं पाडली आणि पाडता पाडता मला कळलं की असं चालणार नाही. म्हणजे चाललं असतं. कुणी मोजायला येणार नव्हतं. पण घंटी छपरावर चढायची थांबणार नव्हती, तिचा तुरा काही फिक्का पडणार नव्हता, आणि सिस्टर रोज पडदा ओढताना तिला बघणार होत्या. त्यांना मी काय सांगणार, ती कोंबडी आहे म्हणून? माझ्या सांगण्याला आता किंमत हवी होती, आणि पाचातलं एक चुकल्याचं लपवून उरलेल्या चारांची खात्री देता येत नाही.

मी आत्याला म्हटलं, खुराडं तुझं आहे, म्हणून विचारते. वर जाऊन सांगू?

आत्याने घंटीकडे बघितलं. मग म्हणाली, "जा. पण चप्पल काढून जा. माणूस नुकतं उठलं असेल."

सिस्टरनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि केस एका बाजूला चपटे झालेले होते. मी म्हटलं, सिस्टर, माझं चुकलं. पाच नाहीत, चारच आहेत. पाचवा कोंबडा आहे.

"आरवला?"

"नाही. पण आरवेल. आज घेऊन चाललेत."

"मग मला सांगायला कशाला आलीस? गेलाच असता की."

"उरलेल्या चार कोंबड्या आहेत हे तुम्हाला पटायला हवं म्हणून. त्यातली एक कोंबड्यासारखी दिसते."

"ती छपरावर चढते ती? ती कोंबडी?" सिस्टर म्हणाल्या. "आणि हे मी तुझ्या शब्दावर मानू? मागच्या वेळी मानलं तसं?"

माझा आवाज पूर्वी वर्गात अडकायचा त्या जागी जाऊन बसला. मी घोट गिळला, थांबले, आणि तो आपणहून परत आला. "शब्दावर नका मानू. खाली या, मी दाखवते."

त्या कपासकट आल्या. आत्या खुर्चीतून उठायला लागली, त्यांनी हातानेच बसवलं. मी घंटीला पुन्हा पकडलं, तिचे पाय दाखवले, मग खोक्यातल्याचे. डझन कसं पुरं झालं ते सांगितलं, ठिपक्याचा नियम सांगितला आणि तो कुठे लागू पडत नाही तेही सांगितलं. काकांनी भिंग पुढे केलं. सिस्टरनी ते डोळ्याला सराईतासारखं लावलं आणि दोघांची पिसं आळीपाळीने पाहिली, घाई न करता. मग सरळ उभ्या राहून चहाचा घोट घेतला.

त्या म्हणाल्या की त्यांच्या वॉर्डात बाळ जन्मलं की त्याला दोन पट्ट्या बांधतात. एक मनगटाला, एक घोट्याला. दोन्ही वाचल्याशिवाय बाळ कुणाच्या हातात द्यायचं नाही. "तू एकच वाचलीस."

मी म्हटलं, हो.

"त्या गोळ्यांचं तुला आठवतंय? सभेत सांगितलं ते. मला कुणी पकडलं नव्हतं. मीच जाऊन सांगितलं डॉक्टरांना." त्या आत्याकडे वळल्या. "आत्याबाई, खुराडं राहू दे. मला झोप हवी आहे, तुमचं खुराडं नको."

  आत्याने मान हलवली, आणि माझ्या हातातून सुटून पुन्हा छपरावर चढलेल्या घंटीला म्हणाली, उतर खाली.

सिस्टर जाता जाता थांबल्या. पुढच्या वेळी अंडी आणताना प्रत्येकावर पेन्सिलीने आईचं नाव लिहून आण, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्यासमोर वाचून दाखवीन. त्या म्हणाल्या, पाच वाजल्यानंतर.

काका खोकं स्कूटरवर पायाशी ठेवून घेऊन गेले. नंतर कळलं की हाफ तिकीट त्यांच्या आवारात उतरल्यावर पंधरा मिनिटांत आरवला. फुटक्या पिपाणीसारखा आवाज, मध्येच तुटणारा, पण आरवला. काकूंनी फोन करून आवाज ऐकवला आणि पुन्हा विचारलं, खरंच काही चुकलं नाही ना गं?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दुपारी एकपर्यंत झोपले. मधे एकदा जाग आली तेव्हा सिस्टर पडदे ओढून झोपलेल्या असणार, आई कुकर लावू की नको या विचारात उभी होती, आणि खाली अंगणातून आत्याचा आवाज येत होता. चौघींशी काहीतरी कडाक्याचं भांडण चाललं होतं, पण सबंध कुजबुजत. मी कुशीवर वळले आणि परत झोपले.